फक्त हात आणा

टायरकाकांना भोक सहन होत नसे. म्हणजे कुठलंच. भिंतीतला खिळा निघाला की त्या जागी आधी त्यांचं बोट जायचं, चाचपायला, आणि पाठोपाठ लांबी भरायला. एकदा साडूच्या घरी जेवायला बसले असताना नळ ठिबकल्याचा आवाज आला, तर ताट बाजूला सारून हा माणूस मोरीत जाऊन उकिडवा बसला. बाहेर आला तो ओल्या बाह्यांनी. "वायसर गेला होता. आता बघायला नको." साडू म्हणाला, "अहो, पण भाजी गार झाली ना!" काका म्हणाले, "भाजी गरम करता येते."

त्यात त्यांचा दोष नव्हता. सगळा जन्म उताराच्या तोंडाशी असलेल्या त्या पत्र्याच्या टपरीत, ट्यूबांची भोकं शोधण्यात गेलेला. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतोय ते बघायचं, तिथं खूण करायची, कानशीनं घासून जागा खरबरीत करायची, सोल्यूशन लावायचं, फुंकर घालायची आणि ठिगळ दाबून धरायचं. आधी सायकली होत्या, मग स्कूटरी आल्या, मग मोटारी. पुढं ट्यूबाच गेल्या आणि बिनट्यूबचे टायर आले, पण भोकं काही संपली नाहीत. "लोक रस्त्यावर खिळे सांडतात तोवर आपल्याला मरण नाही," असं काका गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, खिळे हाच सांडतो की काय.

काकू कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होत्या. पाळी सुटायच्या आत शेकडो माणसांचं रांधायचं. त्यांचा पळा बघितला तर नवख्याला ते होडीचं वल्हं वाटावं. हात असे की काकांनी घट्ट बसवलेला नटसुद्धा त्या कधीमधी चेष्टेनं हातानंच सैल करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पाना ठेवा खिशात." मूलबाळ झालं नाही. त्याचं रडून घ्यायचं ते दोघांनी तरुणपणीच रडून घेतलं होतं. पुढं घर चाललं ते एकमेकांना टोमणे मारत, आणि बरं चाललं.

मग एके दिवशी तो पळा काकूंच्या हातातून पातेल्यात पडला. उकळतं अंगावर उडालं, पण त्यांचं तिकडं लक्षच गेलं नाही, त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. त्यानंतर पोलक्याचं हुक लागेना. मग किल्ली फिरेना. दवाखाने झाले, हाताला सुया टोचून झाल्या, विजेचे झटके देऊन झाले. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं, नसा मरत चालल्यात, याच्यावर औषध नाही. आधी हात जातील. मग बाकीचं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना काकू म्हणाल्या, "मग बाकीचं म्हणे. जणू सामानच हलवतायत."

काकांनी त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. 

त्या आठवड्यात काका घरभर काहीतरी शोधत हिंडत होते. कपाट उघडायचे, बंद करायचे. माळ्यावरचे डबे काढले, गाद्यांखाली बघितलं. काकूंनी विचारलं, "काय हरवलंय?" तर म्हणाले, "पक्कड." पक्कड त्यांच्या खिशातच होती. ते शोधत होते काकूंच्या हातचं काहीतरी. एखादं विणलेलं, शिवलेलं, काढलेलं, काहीही. आणि घरात तसलं काही नव्हतंच. पडदे शिंप्यानं शिवलेले, उश्यांचे अभ्रे दुकानातले. काकूंनी जन्मभर जे काही हातानं केलं ते लोकांनी खाल्लं, ढेकर दिला, ताट विसळून ठेवलं आणि कामाला गेले. काकू उद्या नसल्या तर हे हात जगात होते याची खूण म्हणून बोटानं दाखवावं असं काही, काही म्हणजे काही उरणार नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा काका माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. छातीतली हवाच गेल्यासारखं झालं.

आणि मग वाचनालयाच्या फाटकावर तो कागद दिसला. मागच्या जुन्या शेडमध्ये मोठ्या माणसांसाठी कलेचे वर्ग, शिकवायला गावातलेच कलाकार. एका महिन्यात ठसे, एका महिन्यात काच रंगवणं, आणि या खेपेला माती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: येताना फक्त हात आणा.

काकूंनी ते वाचलं आणि त्यांना हसूच आवरेना. "फक्त हात आणा! बघा, नेमकी जी वस्तू संपत आलीय तीच मागतायत."

"चल," काका म्हणाले.

"कशाला? आता या वयात चिखलात खेळू?"

"चल म्हणतो ना."

"अहो, मला धड चमचा धरता येत नाही."

"अजून येतोय थोडा. म्हणून तर म्हणतोय, चल." आवाज असा निघाला की काकूंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि चपला घातल्या.

पहिल्या दिवशी काका त्यांना शेडच्या दारात सोडून परतले. उतारावर एक मालाची गाडी पुढचं चाक फुटून आडवी उभी होती आणि सगळा रस्ता भोंगे वाजवत काकांच्या नावानं शंख करत होता. ते मोकळे झाले तेव्हा वर्ग सुटायला आला होता. म्हणून पहिल्या दिवशी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही. पण पुढच्या वेळेपासून टपरीला कुलूप लावून ते काकूंच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले.

शिकवायला एक तरुण मूर्तिकार बाई होती. कोपरापर्यंत मातीनं माखलेली, केसांत पेन्सिल खोचलेली. तिला सगळे मातीताई म्हणायचे. तिचा एकच नियम कडक होता, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. वाकडं होऊ दे, बसू दे, पडू दे, पण ज्याचं त्यानं करायचं. आणि हा नियम सगळ्यात जास्त कोणाला ऐकावा लागला असेल तर काकांना.

"काका, हात मागे."

"नाही, ती कड जरा..."

"हात मागे, काका. कड काकूंची आहे."

समोरच्या टेबलावर एक निवृत्त टपालवाला बसायचा. महिनाभर तो एकच मग करत होता आणि त्याला रोज नवा कान लावत होता. तो म्हणाला, "ताई, यांचे हात बांधून ठेवा. माझ्या मगाला कान आहे, कानात भोक आहे, त्यालाही हे ठिगळ लावतील."

काकूंनी कोंबडी करायला घेतली. करायची म्हणून नव्हे. दोन वाट्या अंगठ्यानं दाबून करायच्या, त्यांची तोंडं एकमेकांवर ठेवून जोडायची, म्हणजे आतून पोकळ गोळा तयार होतो, असं मातीताईनं दाखवलं होतं. त्याचं ज्याला जे सुचेल ते त्यानं करावं. काकूंचा गोळा एका अंगाला बसला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही तर खुडूक बसलीय. हिला चोचच लावते." एक एक वाटी करायला त्यांना अख्खा वर्ग लागला. डावा अंगठा मातीत जायचा आणि तिथंच थबकायचा, मग उजव्या हातानं त्याला मागून ढकलायचं. कपाळावर घाम यायचा. काका स्टुलावर स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसायचे, आणि काकूंचा अंगठा थबकला की इकडं यांच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगायच्या.

जोडायच्या दिवशी मातीताई म्हणाली, "कडा खरवडा, खरबरीत करा, मग ही पातळ माती लावा आणि दाबा." काका उभेच राहिले. "अगं, हे तर आमचंच काम! घासा, लावा, दाबा!" सगळी शेड हसली. काकूही हसल्या, इतक्या की जोड सरकला. "बसा खाली," त्या म्हणाल्या, "टपरीत नाहीत तुम्ही."

कोंबडी झाली. मान आखूड, चोच वाकडी, पाठीवर सगळीकडे अंगठ्याचे खळगे, पिसांसारखे. काकांनी ते खळगे बघितले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. एकेका खळग्यात त्वचेच्या रेषा उठल्या होत्या. काकूंच्या अंगठ्याच्या. आता भाजली की झालं. मग ती जन्मभर राहील, आणि काकांच्या जन्मानंतरही.

पण भट्टी भरल्याशिवाय लागत नसे. टपालवाल्याचा कान सुकायचा होता, कोणाची फुलदाणी अर्धवट होती. कोंबडी फळीवर वाळत राहिली, आणि तेवढ्या दिवसांत काकूंचा डावा हात गेला. गेला म्हणजे होता तिथंच होता, मांडीवर, पण पिशवी उचलून ठेवतात तशा काकू त्याला उचलून ठेवायच्या. मग उजव्याची बोटं आखडायला लागली. काका रोज शेडवर जाऊन विचारायचे, "कधी लावताय?" मातीताई म्हणायची, "काका, घाई केली तर तडकेल." काका म्हणायचे, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर.

शेवटी भट्टी लावायचा दिवस ठरला. काका सकाळीच पोचले, उचलठेव करायला. मातीताई मागच्या अंगणात भट्टीच्या आतल्या फळ्या पुसत होती. शेडमध्ये काका एकटेच. त्यांनी कोंबडी दोन्ही हातांत घेतली, निगुतीनं उलटी केली.

पोटाखाली एक भोक होतं.

बारीकसं, पण होतं. टाचणी जाईल एवढं. काकांनी ते डोळ्याजवळ नेलं, बोट फिरवलं, मग ओठ लावून फुंकर मारली. आत हवा गेली. सरळ गेली. त्यांना पहिल्यांदा वाटलं, किड्यानं पोखरलं. मग वाटलं, जोडताना काकूंच्याच हातून राहिलं असणार. बोटात जोर नव्हता, त्यांना कळलंही नसेल. इथूनच तडकेल ही. आता सांगायचं कोणाला? काकूंना सांगावं तर त्या हातानं त्या काय करणार? मातीताईला सांगावं तर ती म्हणणार, असू दे, ज्याचं त्याचं. आणि तिच्या नियमापायी तिकडं भट्टीत कोंबडी उकलून जाईल.

विचार संपायच्या आत हात कामाला लागले होते. खिशातली किल्ली काढून त्यांनी भोकाच्या कडा खरवडल्या. टेबलाखालच्या डब्यातली पातळ माती बोटावर घेऊन लावली, ती मुरू दिली, पुन्हा लावली. ओल्या मातीची बारीक वात वळून आत खोल रेटली, वरून ठिगळ दाबलं, अंगठ्यानं गुळगुळीत केलं, फुंकर घालून सुकवलं. मग पुन्हा ओठ लावले. हवा जाईना. जन्मात इतकं नाजूक काम त्यांनी केलं नव्हतं. कोंबडी सुलटी करून त्यांनी फळीवर ठेवली आणि आपल्यालाच म्हणाले, "झालं. आता काही होत नाही हिला."

भट्टी लागली. काका अंगणात स्टूल टाकून बसले. मातीताई म्हणाली, "काका, इथं बघण्यासारखं काही नसतं. घरी जा, काकू एकट्या असतील." शेजारीण बसलीय त्यांच्यापाशी, असं सांगून ते बसूनच राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा आवाज आला. दबका, पण पक्का. फट्!

काका ताडकन उठले आणि सवयीनं रस्त्याकडे बघितलं. "गेला कोणाचा तरी." रस्त्यावर एक बाई पिशवी घेऊन चालली होती. दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी वळून मातीताईकडे पाहिलं, तर तिनं डोळे मिटून घेतलेले.

"काय झालं?"

"आत काहीतरी फुटलं."

"कोणाचं?"

"आता कसं कळणार? गार झाल्याशिवाय उघडता येत नाही."

काका भट्टीजवळ सरकले. "फुटतं कशानं?"

"आत वाफ कोंडली की. ओल राहिलेली असते. म्हणून तर पहिल्या दिवशी घसा फोडून सांगते, पोकळ वस्तूला खालून भोक पाडा म्हणून. टपालवाले त्यावरून काय काय बोलले होते, विचारू नका. काकूंच्या कोंबडीला तर मीच टाचणी घातली, तुम्ही हात धुवायला गेला होतात तेव्हा, त्यांच्या बोटात जोर येईना. माझाच नियम मोडून. काका? काय झालं? बसा, बसा खाली."

काका बसले नाहीत. भट्टीकडे गेले आणि दाराच्या कडीला हात घातला. मातीताईनं त्यांना मागं ओढलं नसतं तर तळहाताची कातडी तिथंच चिकटून राहिली असती. "उघडा," ते म्हणत होते, "ताई, हातापाया पडतो तुमच्या, उघडा. दुसरं काहीतरी असेल. कान असेल मगाचा. उघडून बघू तर द्या." तिला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं.

घरी काकूंनी विचारलं, "झाली का भाजून?"

"गार होतेय," काका म्हणाले. काकूंना घास भरवताना त्यांचा हात असा थरथरत होता की काकू म्हणाल्या, "माझं दुखणं तुम्हाला लागलं की काय?"

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तेव्हा सगळेच जमले होते. कोंबडीच्या जागी ठिकऱ्या होत्या. मोठी म्हणावी अशी एकही नव्हती. एक टपालवाल्याच्या मगावर बसली होती आणि त्याचा कान उडाला होता. फुलदाणीला भेग. अंगठ्याचे ते खळगे भुगा होऊन फळीवर सांडले होते.

"माझं चुकलं," मातीताई म्हणाली.  "भोक आरपार गेलं नसणार. मी नीट बघायला हवं होतं."

काकांना गप्प राहता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. पण ती पोरगी रडायला लागली तेव्हा ते म्हणाले, "भोक आरपार होतं. मी बुजवलं."

 टपालवाल्यानं बिनकानाचा मग उचलला, फिरवून बघितला, खाली ठेवला. एरवी तो काहीतरी बोलला असता.

घरी जाऊन काकांनी काकूंना सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांना वाटलं काकू हसतील, टोमणा मारतील, 'पाना ठेवा खिशात' असलं काहीतरी म्हणतील. काकू हसल्या नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "जन्मात एक भोक सोडलं असतंत तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"मला वाटलं, तुझ्या हातून राहिलं."

"हां. माझ्या हातून राहिलं." काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "राहिलं असतं, तरी माझं होतं ना ते?"

 काका तडक शेडवर गेले, मातीताईकडून मातीचा गोळा घेऊन आले. काकूंच्या मांडीवर फळी ठेवली, फळीवर माती ठेवली. "पुन्हा कर. कोंबडी नको. काहीही कर. नुसती वाटी कर."

"अहो..."

"एक वाटी. अर्धी."

काकूंनी उजवा हात मातीवर ठेवला. बोटं दाबली. दाबतायत हे त्यांच्या मानेवरून, आवळलेल्या जबड्यावरून कळत होतं, मातीवरून कळत नव्हतं. मातीला काही झालंच नाही. काकांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला, तसा खड्डा पडला. काकूंनी मान हलवली. "हे तुमचं झालं. मला कशाला फसवताय? स्वतःला तरी कशाला फसवताय?"

"थांब," काका म्हणाले. "माती कडक आहे." त्यांनी पाणी आणून माती मळली. काकूंनी पुन्हा बोट ठेवलं. काही नाही. आणखी पाणी. माती लोण्यासारखी झाली. बोट जरासं टेकलं, पण ठसा नाही. काकांनी घमेलं आणलं, सगळी माती त्यात टाकली आणि पाणी ओतत, कालवत राहिले. बाहेर कोणीतरी टपरी बंद का म्हणून हाका मारत होतं. काकूंचा हात मनगटाशी धरून त्यांनी घमेल्यावर नेला आणि आपण सोडून दिलं, फक्त खालून आधार ठेवला. या वेळी बोट आत गेलं. काकूंचं स्वतःचं, काकूंच्याच जोरानं. नखापर्यंत गेलं.

"गेलं!" काका ओरडले. "काढ आता, हळूच काढ."

काकूंनी बोट काढलं. चिखलात एक खळगा राहिला. दोघंही त्याच्यावर वाकले. कडा हलल्या, जवळ आल्या, आणि खळगा भरून सपाट झाला.

"पुन्हा," काका म्हणाले.

काकूंनी पुन्हा बोट घातलं. पुन्हा तसंच. काकांनी थोडं पाणी निथळून काढलं, तर बोट जाईना. थोडं घातलं, तर खळगा राहीना. कुठंतरी मधली एक जागा असणार होती, बोट जाईल आणि ठसाही राहील अशी. काका चिमूटभर माती टाकत, ओंजळभर पाणी ओतत ती शोधत होते. घाम नाकावरून घमेल्यात पडत होता.

"पुरे आता," काकू म्हणाल्या.

"एकदा फक्त."

"अहो, दुखतंय."

काकांनी त्यांचा हात सोडला नाही. "एकदाच," ते म्हणाले, "शेवटचं," आणि ते बोट पुन्हा चिखलावर टेकवलं.